एका तिकिटावरचे दोन सामने

ब्रिटनमधील एखाद्या स्पीडवे क्लबाने येत्या आठवड्यात ‘डबल हेडर’ होणार असे जाहीर केले, की चाहत्यांच्या घोळक्यात पहिला प्रश्न उमटतो तो कोणता स्वार येणार हा नव्हे. दरवाजावर किती पैसे पडणार, हा. एकाच संध्याकाळी, एकाच मैदानावर, एकापाठोपाठ दोन सामने आणि त्यांसाठी एकच तिकीट, अशी ही योजना असते. वरवर पाहता तीत तक्रारीला जागा दिसत नाही. दोन सामने पाहावयास मिळतात आणि दुप्पट पैसे द्यावे लागत नाहीत, तर मग कुरकुर कशाची, असे कोणालाही वाटेल. परंतु कुरकुर होते, आणि ती करणारे लोक कंजूष नसतात. वर्षानुवर्षे त्याच पायऱ्यांवर, त्याच वळणाशी उभे राहून पाऊसपाण्यात आपल्या संघाला साथ देणारी ही मंडळी असतात. त्यांच्या कुरकुरीत एका खेळाच्या साऱ्या अर्थकारणाचा प्रश्न दडलेला आहे.

‘डबल हेडर’ हा शब्द मराठी वाचकाला आयपीएलमुळे अपरिचित राहिलेला नाही. तेथे शनिवारी किंवा रविवारी दोन सामने असले की हा शब्द वापरतात. पण ते सामने सहसा दोन निरनिराळ्या शहरांत होतात, त्यांची तिकिटे वेगळी असतात, प्रेक्षकही वेगळे असतात. दोन्ही सामने एकत्र पाहणारा असतो तो फक्त घरी दूरचित्रवाणीसमोर बसलेला माणूस. स्पीडवेमधील डबल हेडर याच्या नेमका उलट आहे. तो दरवाजातून आत येणाऱ्या माणसासाठी असतो आणि त्या माणसाच्या खिशावरच त्याचे यशापयश ठरते. हा फरक ध्यानात घेतल्याशिवाय प्रवेशदराचा वाद का पेटतो, हे कळणार नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. दगडाचा भुगा पसरलेला लंबवर्तुळाकार मार्ग, त्यावर चार मोटारसायकली, प्रत्येक संघाचे दोन स्वार, आणि चार फेऱ्या. मोटारसायकलीला ५०० सीसीचे इंजिन असते, ती मिथेनॉलवर चालते, तिला एकच गिअर असतो आणि ब्रेक मुळीच नसतो. वळणावर मागचे चाक बाहेरच्या बाजूस घसरवत, डावा पाय जमिनीला टेकवत स्वार ती वळवतो. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक आणि शेवटच्याला शून्य. अशी एक शर्यत सुमारे एका मिनिटात संपते. ब्रिटनमधील साखळी सामन्यात अशा पंधरा शर्यती असतात. म्हणजे संध्याकाळी दोन तास मैदानात काढणाऱ्या प्रेक्षकाला प्रत्यक्ष शर्यत पाहावयास मिळते ती पंधरा मिनिटे. उरलेला वेळ ट्रॅक्टर मार्ग सारखा करीत असतो, स्वार गाड्या ठाकठीक करीत असतात आणि प्रेक्षक कार्यक्रमपत्रिकेतील तक्त्यात पेनने गुण भरीत असतात. पन्नास वर्षांच्या अशा पत्रिका घरात जपून ठेवणारे चाहते तेथे विरळा नाहीत. शाळेच्या हजेरीपटाइतक्या निगुतीने त्या भरलेल्या असतात.

आता हिशेब पाहा. प्रौढ माणसाचे तिकीट अलीकडे साधारणपणे वीस पौंडांच्या घरात असते, म्हणजे आपल्याकडील दोन हजार रुपयांहून अधिक. पंधरा मिनिटांच्या शर्यतींना वीस पौंड, हा विरोधकांचा नेहमीचा टोमणा आहे. डबल हेडरचे समर्थक त्याला उत्तर देतात, की त्याच पैशात किंवा थोडे अधिक घेऊन आम्ही तीस मिनिटे देतो. येथेच वादाची गफलत सुरू होते. खेळ हा तराजूत घालून विकण्याचा माल आहे, असे गृहीत धरले तरच हे उत्तर बिनतोड ठरते. प्रेक्षक मात्र मिनिटे विकत घेत नसतो. तो एक संध्याकाळ विकत घेतो, आणि ती दर आठवड्याला ठरलेल्या वारी यावी अशी त्याची अपेक्षा असते. दोन संध्याकाळींचा माल एकीत कोंबला, तर मालाचे वजन तेवढेच राहते. संध्याकाळ मात्र एक कमी होते.

हंगामाचा पास घेतलेल्या माणसाची तक्रार यातूनच निघते, आणि ती सर्वांत रास्त आहे. त्याने हंगामाच्या आरंभीच, क्लबाला पैशांची सर्वाधिक गरज असते तेव्हा, साऱ्या घरच्या सामन्यांचे पैसे एकरकमी भरलेले असतात. पुढे दोन सामने एका रात्रीत उरकले गेले, तर सामन्यांची संख्या कागदोपत्री पूर्ण होते, पण त्याची एक रात्र जाते. दरवाजावर तिकीट घेणाऱ्याला सवलत मिळते. आगाऊ विश्वास टाकणाऱ्याला काहीच मिळत नाही. दुसरीकडे दोन मुलांना घेऊन येणारा बाप म्हणतो, की माझी मुले नऊ वाजता पेंगू लागतात, उद्या त्यांची शाळा आहे, दुसरा सामना आम्ही पाहणारच नाही; मग वाढीव दर आम्ही का द्यावा? दूरच्या गावाहून पाहुण्या संघाबरोबर येणारा चाहता तर आपल्या संघाचा एकच सामना पाहण्यासाठी आलेला असतो. आणि तरीही काही वृद्ध चाहते या योजनेवर खूष असतात. त्यांना जुन्या काळच्या ‘सेकंड हाफ’ची आठवण होते. पूर्वी साखळी सामना संपल्यावर त्याच तिकिटात आणखी काही शर्यती होत. त्यांत नवशिक्या पोरांना संधी मिळे आणि कसलेले स्वार वैयक्तिक बक्षिसांसाठी झुंजत. त्याबद्दल कोणी वेगळे पैसे मागत नसे. तेव्हा आज जे ‘जादा’ म्हणून विकले जाते, त्यातले काही एकेकाळी रिवाजाने मिळत असे, हेही विसरून चालत नाही.

प्रवेशदराचा प्रश्न या खेळाच्या इतिहासात नवा नाही. ऑस्ट्रेलियात रुजलेला हा प्रकार १९ फेब्रुवारी १९२८ रोजी लंडनजवळच्या एपिंगच्या जंगलातील हाय बीच येथे झाला, तेव्हा संयोजकांच्या अंदाजाच्या कितीतरी पट, सुमारे तीस हजार लोक लोटले. वर्षभरात गावोगावी मैदाने झाली आणि १९२९ मध्ये साखळी स्पर्धाही सुरू झाल्या. कारखान्यातील कामगार, दुकानातील नोकर आणि त्यांची कुटुंबे हा त्याचा प्रेक्षकवर्ग होता. क्रिकेटला दिवसभराची फुरसत लागे, घोड्यांच्या शर्यतींना प्रतिष्ठा आणि पैसा. स्पीडवेला कामावरून सुटल्यानंतरची एक संध्याकाळ आणि थोडे नाणे पुरे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर करमणुकीला आसुसलेल्या ब्रिटनमध्ये या खेळाने जो बहर पाहिला, तो पुन्हा कधी आला नाही. एकट्या लंडनमध्ये वेम्बली, वेस्ट हॅम, न्यू क्रॉस, हॅरिंगे आणि विम्बल्डन असे पाच मातब्बर संघ होते.

मग सरकारची नजर तिकिटावर पडली, किंबहुना ती पूर्वीपासून होतीच. पहिल्या महायुद्धाच्या खर्चासाठी १९१६ मध्ये बसवलेला करमणूक कर युद्ध संपल्यावरही राहिला होता. आपल्याकडे मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने आलेला करमणूक कर पिढ्यानपिढ्या नाटक-सिनेमाच्या तिकिटावर बसलेला होता, त्याचाच हा विलायती वडीलबंधू. स्पीडवेला हा कर फुटबॉल-क्रिकेटपेक्षा जड दराने भरावा लागे. साहेबी खेळांना सौम्य दर आणि कामगारांच्या करमणुकीला कडक, हा भेद त्या वेळीही अनेकांना सलत होता. तिकीट वाढवावे तर प्रेक्षक तुटतो, न वाढवावे तर कर भरून हाती काही उरत नाही, अशा कात्रीत चालक सापडले. त्यातच घरोघरी दूरचित्रवाणी आली. न्यू क्रॉस १९५३ मध्ये बंद पडले, हॅरिंगे १९५४ मध्ये, वेस्ट हॅम १९५५ मध्ये. वेम्बलीचा संघ १९५६ च्या हंगामानंतर गेला. खेळांवरचा हा कर १९५७ मध्ये उठला, तेव्हा लंडनच्या पाचांपैकी विम्बल्डन तेवढे उभे होते. औषध आले ते रोगी गेल्यानंतर. पुढे काही मैदाने पुन्हा उघडली आणि पुन्हा मिटली. विम्बल्डनही २००५ मध्ये थांबले. ज्या शहरात १९३६ सालच्या पहिल्या जागतिक विजेतेपदाची शर्यत झाली आणि १९८१ मध्ये वेम्बलीवर नव्वद हजारांच्या आसपास लोकांनी जागतिक अंतिम सामना पाहिला, त्या शहराला त्यानंतर स्पीडवेचा स्वतःचा साखळी संघ उरला नाही.

आजचा चालक करमणूक कर भरीत नाही, पण मूल्यवर्धित कर भरतो. त्याचा दर वीस टक्के आहे. म्हणजे दरवाजावर घेतलेल्या वीस पौंडांतील तीन पौंड तेहतीस पेन्स प्रथम सरकारचे. उरलेल्यातून मैदानाचे भाडे, रुग्णवाहिका व डॉक्टर, पंच, मार्गाची निगा, विमा आणि स्वारांचे मानधन भागवावयाचे. स्वारांना मुख्यतः मिळवलेल्या गुणांच्या हिशेबाने पैसे मिळतात. एका शर्यतीत सहा गुण, पंधरा शर्यतींत नव्वद. सामना झाला की ते गुण कोणीतरी मिळवणारच आणि त्यांचे पैसे कोणाला तरी द्यावेच लागणार. येथे डबल हेडरचे खरे गणित उघड होते. दोन सामने एका रात्री घेतले तर मैदानाचे भाडे, रुग्णवाहिका, द्वारपाल यांचा एका रात्रीचा खर्च वाचतो. स्वारांचा खर्च मात्र एका पैशानेही कमी होत नाही.

समजा, एखाद्या क्लबाला वीस पौंडांच्या दराने दोन वेगळ्या रात्री आठशे-आठशे प्रेक्षक मिळतात. एकूण जमा बत्तीस हजार. कर वजा जाता सुमारे सव्वीस हजार सातशे. त्याऐवजी डबल हेडर ठेवून पंचवीस पौंड दर लावला आणि हजार माणसे आली, तर जमा पंचवीस हजार. कर वजा जाता वीस हजार आठशे. जवळजवळ सहा हजार पौंडांची तूट. ती भरून निघावयाची तर एका रात्रीचा स्थिर खर्च तेवढा तरी असला पाहिजे. तो असेल तर योजना रास्त. नसेल तर तो आतबट्ट्याचा व्यवहार. दर तीस पौंड केला तर कागदावर तूट बरीच भरते, पण मग हजार माणसे येतील की सातशे, हे कोण सांगणार? कित्येक मैदानांत चहा-बिअरचा गल्ला मैदानाच्या मालकाकडे जातो, भाडेकरू क्लबाकडे नाही. त्यामुळे लांबलेल्या रात्रीचा तो लाभही क्लबाच्या पदरी पडत नाही. चाहत्यांच्या चर्चेत हे गणित क्वचित येते, पण दीडपटीच्या आसपास दर असावा असे जे अनेकांना सहजबुद्धीने वाटते, ते या गणिताला फारसे सोडून नाही.

मग चालक हा मार्ग का पत्करतात? सगळ्यांनाच हौस असते असे नाही. पुष्कळदा ते अडलेले असतात. पहिले कारण ब्रिटनचा पाऊस. मार्ग भिजला की भुग्याचा चिखल होतो आणि ब्रेक नसलेल्या गाडीखाली चिखल म्हणजे अपघाताला आमंत्रण. मार्चअखेरीस सुरू झालेला हंगाम ऑक्टोबरात संपवावा लागतो, आणि पावसाने पुढे ढकललेले सामने बाद फेरीपूर्वी कोठेतरी बसवावे लागतात. दुसरे कारण पोलंड. आज या खेळाची पेढी तेथे आहे. पोलंडमधील शहरांच्या नगरपालिका मैदाने बांधतात, दूरचित्रवाणी भरघोस पैसे देते, आणि जगातील उत्तम स्वार प्रथम तेथील तारखा राखून ठेवतात. पोलंडचे सामने मुख्यतः शुक्रवारी व रविवारी, स्वीडनचे मंगळवारी. म्हणून ब्रिटनच्या वरच्या श्रेणीने अलीकडच्या वर्षांत प्रामुख्याने सोमवार आणि गुरुवार धरले. कामाच्या आठवड्यातील हे वार कुटुंबांना गैरसोयीचे आहेत हे चालकांना कळत नाही असे नव्हे. पण स्वार विमानात असेल तर शनिवारचे तिकीट विकून करावयाचे काय? अशा कॅलेंडरात बुडालेल्या सामन्यासाठी मोकळी रात्र सापडणे कठीण होते, आणि मग दोन सामने एका रात्रीत येतात.

तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे. ते म्हणजे जमीन. बहुतेक क्लब दुसऱ्याच्या मैदानात भाडेकरू आहेत. मालकाला कुत्र्यांच्या शर्यती अधिक लाभाच्या वाटल्या, किंवा त्या जागी घरे बांधण्यात अधिक पैसा दिसला, की स्पीडवेच्या रात्री कमी होतात आणि एके दिवशी संपतात. कॉव्हेन्ट्रीच्या ब्रँडन मैदानावर १९२८ पासून गाड्या धावत होत्या. २०१६ च्या हंगामानंतर त्या थांबल्या. तेथे घरे बांधण्याच्या योजनेला रग्बीच्या स्थानिक परिषदेने २०२२ मध्ये परवानगी नाकारली, पण परवानगी नाकारल्याने गाड्या सुरू होत नाहीत. वुल्व्हरहॅम्प्टन आणि पीटरबरो या दोन नामांकित क्लबांनी २०२३ च्या हंगामाअखेर आपली मैदाने गमावली. पहिल्या ठिकाणी मालकाने भाडेकरार पुढे चालू ठेवला नाही. दुसऱ्या ठिकाणी जागेच्या विकासाची योजना आड आली. उलट उदाहरणही आहे. ऑक्सफर्डचा स्पीडवे २००७ मध्ये बंद पडला आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला. पण अशी उदाहरणे मोजकी. ज्याला वर्षाकाठी ठराविक रात्रीच भाड्याने मिळतात, तो एका रात्रीत दोन सामने बसवू पाहील, यात नवल नाही. चाहता ज्याला सवलत समजतो किंवा लूट म्हणतो, ती पुष्कळदा जागेच्या टंचाईची खूण असते.

याच शब्दाचे दुसरे रूप पाहिले म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. जागतिक विजेतेपदाच्या ग्रां प्री मालिकेतही आता डबल हेडर असतात, पण तेथे अर्थ वेगळा आहे. महासाथीच्या काळात प्रवास कमी व्हावा म्हणून २०२० ची मालिका चारच शहरांत, प्रत्येकी दोन लागोपाठच्या रात्री घेण्यात आली. गरजेतून निघालेली ही रीत पुढे सोयीची वाटू लागली. ब्रिटनची ग्रां प्री २००१ पासून, महासाथीची दोन वर्षे वगळता, २०२४ पर्यंत कार्डिफच्या भव्य स्टेडियममध्ये होत असे. सत्तर हजारांहून अधिक आसनांच्या त्या वास्तूत छपराखाली गाड्या धावत आणि वर्षातून एकदा सारे स्पीडवे-जग त्या शहरात गोळा होई. २०२५ मध्ये ती मँचेस्टरच्या नॅशनल स्पीडवे स्टेडियममध्ये आली. २०१६ मध्ये खेळासाठी खुले झालेले हे स्टेडियम खास स्पीडवेसाठी बांधलेले. तेथील मार्गाची सारे स्वार वाखाणणी करतात, पण आसनक्षमता सहा हजारांच्या आसपास. तेव्हा तेथे जूनमध्ये लागोपाठ दोन रात्री दोन फेऱ्या घेण्यात आल्या. येथे एका तिकिटात दोन सामने नव्हते. दोन रात्रींचे दोन स्वतंत्र मुक्काम होते. चाहत्याला हॉटेलचा खर्च दोन रात्रींचा, रजा शुक्रवारची. एका बाजूस रिकाम्या पायऱ्या भरण्यासाठी दोन सामने एकत्र बांधले जातात, तर दुसऱ्या बाजूस थोड्या खुर्च्यांना पुष्कळ गिऱ्हाईक असल्याने एक सोहळा दोनदा विकला जातो. शब्द एकच, पण पारडे कोणाचे जड आहे ते तिकिटावरून कळते.

अमेरिकेतील बेसबॉलने हा प्रवास पूर्वीच केला आहे. तेथे एकोणिसाव्या शतकापासून डबल हेडर म्हणजे एका तिकिटात दोन सामने अशी रूढी होती आणि रविवारची ती लांबलचक दुपार हा लोकांच्या जीवनाचा भाग होता. मैदाने भरू लागली, दूरचित्रवाणीचा पैसा वाढला, तशी मुद्दाम ठेवलेली डबल हेडरे जवळजवळ नाहीशी झाली. आता पावसाने बुडालेला सामना भरून काढावयाचा असला, तर अनेकदा दुपारच्या सामन्यानंतर मैदान रिकामे करतात आणि संध्याकाळसाठी पुन्हा तिकिटे विकतात. चाहत्यांना हे आवडत नाही; पण त्यांना विचारण्याची गरज क्लबांना भासत नाही, कारण खुर्ची रिकामी राहण्याचे भय त्यांना फारसे उरलेले नाही. स्पीडवेच्या साखळी क्लबाला हे भय आहे. म्हणूनच तेथील चाहत्याच्या कुरकुरीला किंमत आहे, आणि चालकाने ती ऐकली पाहिजे.

डबल हेडर मुळातच वाईट, असा याचा अर्थ नाही. इंग्लंडमधील ‘द हंड्रेड’ या क्रिकेट स्पर्धेत २०२१ पासून स्त्रियांचा आणि पुरुषांचा सामना एकाच मैदानावर, एकाच तिकिटात होऊ लागला. तोही महासाथीमुळे घेतलेला निर्णय. पुरुषांच्या सामन्यासाठी आलेल्या लोकांनी स्त्रियांचा खेळ पाहिला, आणि त्यातून स्त्रियांच्या क्रिकेटला पूर्वी कधी न लाभलेला प्रेक्षक मिळाला. येथे दुसरा सामना बुडालेल्या तारखेची भरपाई म्हणून येत नाही. तो नवे काही दाखवावयास येतो. स्पीडवेमध्येही वरच्या श्रेणीच्या सामन्याबरोबर होतकरू मुलांच्या संघाचा सामना जोडला, तर पूर्वीच्या ‘सेकंड हाफ’चे काम होते. स्वारांच्या नव्या पिढीला भरल्या मैदानासमोर उतरावयास मिळते, आणि प्रेक्षकाला उद्याचे नाव आज पाहिल्याचे समाधान लाभते. अशा रात्रीसाठी दोन-चार पौंड अधिक देण्यास जुना चाहता सहसा नकार देत नाही. त्याचा नकार असतो तो एकाच संघाचे, त्याच सात स्वारांचे दोन सामने लागोपाठ दाखवून दर चढवण्याला. दुसऱ्या सामन्याच्या अखेरीस स्वार थकलेले असतात, यंत्रे तापलेली असतात, मार्गाला खड्डे पडलेले असतात. एखादा राखीव स्वार एका सामन्यात सात वेळा उतरू शकतो; दोन सामन्यांत चौदा वेळा. ब्रेक नसलेल्या गाडीवर चौदाव्या वेळी बसणाऱ्या माणसाकडून लोकांनी नेमके काय पाहण्याचे पैसे द्यावयाचे, हा प्रश्न दराच्या चर्चेत कोणी काढीत नाही, आणि तो काढावयास हवा. पडलेल्या स्वाराला घेऊन रुग्णवाहिका रुग्णालयात गेली, की तिच्या जागी दुसरी उभी राहीपर्यंत खेळ थांबतो. तीस शर्यतींच्या रात्रीत असे थांबणे अधिक संभवते.

वेळेचाही हिशेब आहे. बरीच मैदाने वस्तीला लागून आहेत, आणि आवाजाच्या निर्बंधामुळे ठरलेल्या वेळी शर्यती थांबवाव्या लागतात. पहिला सामना लांबला, तर दुसरा घाईघाईत उरकला जातो किंवा मध्येच तोडावा लागतो. तोडलेल्या सामन्याच्या तिकिटाचे काय? एका सामन्यासाठी आलेल्याला परत प्रवेशाची चिठ्ठी देता येते. दोनांपैकी दीड सामना पाहिलेल्याला काय देणार? यावर क्लबांनी आधीच स्पष्ट शब्दांत काही जाहीर केलेले असेल, तर रोष होत नाही. बहुधा असते ते गुळमुळीत. ‘विशेष प्रवेशदर’ एवढेच लिहिलेले असते, आणि तो दर कशाकशाचा आहे हे ज्याचे त्याने समजून घ्यावयाचे.

चाहत्यांकडूनही एक चूक होते, आणि ती सांगावयास हवी. वीस वर्षांपूर्वी तिकीट किती होते, याची आठवण काढून ते आजचा दर मोजतात. त्या काळी इंजिनाची दुरुस्ती, टायर, विमानप्रवास आणि विमा यांचा भार आजच्याएवढा नव्हता, हे ते सोडून देतात. खालच्या श्रेणीतील फुटबॉलचे तिकीटही आज याच आसपास आहे, आणि तेथे पावसाने सहसा सामना बुडत नाही. प्रेक्षक घटले म्हणून दर वाढवावयाचा आणि दर वाढला म्हणून आणखी प्रेक्षक घटावयाचे, हे चक्र चालकांनी एकट्याने सुरू केलेले नाही. आठवड्याआड येऊ लागलेल्या, मग महिन्याने एकदा येऊ लागलेल्या प्रत्येकाने त्याला थोडा हात लावलेला आहे. परंतु नेमने येणाऱ्याची सवय मोडण्याचे काम डबल हेडर फार सफाईने करतो, हे चालकांनीही ओळखले पाहिजे. एका गुरुवारी दोन सामने पाहिल्यावर पुढचा गुरुवार रिकामा जातो. त्या रिकाम्या गुरुवारी माणूस घरी बसतो आणि त्याच्या लक्षात येते, की घरी बसूनही चालते.

तेव्हा येत्या डबल हेडरसाठी दर ठरवताना चालकांना तीन-चार साध्या गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. पावसाने बुडालेला सामना असेल, तर दर एका सामन्याच्या जवळ ठेवावा. तो भरपाईचा सामना आहे, मेजवानी नव्हे. दोन्ही सामने मुळातच एका रात्री आखलेले असतील, तर दीडपटीच्या वर जाऊ नये. हंगामाचा पास असलेल्याला गेलेल्या रात्रीबद्दल एखाद्या पाहुण्याला फुकट आणण्याची मुभा द्यावी. क्लबाचा त्यात फारसा खर्च नाही, आणि एक नवा माणूस मैदान पाहतो. मुलांसह येणाऱ्यांसाठी पहिल्या सामन्यापुरते स्वस्त तिकीट ठेवणे द्वारपालाला थोडे कटकटीचे होईल, पण अशक्य नाही. आणि जाहिरातीत दराशेजारी दुसरा सामना किती वाजता संपेल तेही छापावे. शेवटची बस पकडण्यासाठी अर्ध्यातून उठणाऱ्यांची संख्या डबल हेडरच्या रात्री मोठी असते. त्यांनी विकत घेतलेल्या पत्रिकेतील दुसरा तक्ता सातव्या-आठव्या शर्यतीपुढे कोराच राहतो.